शहराबाहेरचा रस्ता

शहाडला घर आहे असं सांगितलं की कल्याणचा माणूस लगेच विचारतो, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" इमारत कुठली, स्टेशनपासून किती लांब, हे सगळं नंतर. अलीकडे राहणाऱ्याला रात्री आठला जेवायला बोलावलं तर तो आठला येतो. पलीकडचा कधी येईल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हारळ, वरप, कांबा इथली माणसं फोनवर 'निघालो' असं सांगत नाहीत, 'पूल उतरलो' असं सांगतात. पूल उतरला म्हणजे घर आलं, मग पुढचा रस्ता कितीही उरलेला असो.

हा पूल रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरून जातो. एका अंगाला कल्याण पश्चिम, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचा कॅम्प नंबर एक, सेंचुरी रेयॉनचा कारखाना आणि विठ्ठलाचं बिर्ला मंदिर. जायला एक पदर, यायला एक. कागदोपत्री मात्र हा राष्ट्रीय महामार्ग आहे. आधीचा क्रमांक २२२, आताचा ६१. कल्याणातून निघून मुरबाड, माळशेज घाट, नगर, परभणी, नांदेड करत तो तेलंगणात निर्मलकडे जातो. नांदेडकडे निघालेला ट्रक आणि शहाड स्टेशनला निघालेली शेअर रिक्षा यांना इथे एकाच पदरातून जावं लागतं, आणि घाई दोघांनाही असते.

कोंडी होते कशी, हे पुलाच्या चढावर उभं राहून पाहिलं की कळतं. संध्याकाळी रांग पार प्रेम ऑटोच्या चौकाकडे गेलेली असते. चढावर खडीने भरलेला डंपर पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो. मागच्या दुचाकीवाल्याला समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जरा फट दिसते, तो घुसतो. त्याच्यामागे रिक्षा, रिक्षामागे एखादी छोटी गाडी. झाली तिसरी रांग. तेवढ्यात पलीकडून मुरबाडची एसटी येते. तिला पूल उतरायला जागा नाही, तिसऱ्या रांगेला मागे सरायला जागा नाही. एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टर खाली उतरून पुढे बघायला जातो. वाहतूक वॉर्डन असलेला पोरगा शिट्टी तोंडात धरून धावत येतो, रिक्षाच्या टपावर हात आपटतो, एकेकाला मागे घ्यायला लावतो. पाच-सात जणांच्या दोन मिनिटांपायी शेकडो माणसांची संध्याकाळ जाते. पूल अरुंद आहे हे खरंच. पण तो पुरता बंद पडतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या रांगेमुळे.

रांगेत कोण कोण असतं? पहाटे ओतूर, जुन्नर, आळेफाट्याकडून माळशेज उतरून आलेले भाजीचे पिकअप. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओली गोणपाटं टाकलेली. बाजार समितीत माल वेळेवर पोचला तर भाव, नाहीतर उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाच्या मनात येईल तो आकडा. दिवसा रेती-खडीचे डंपर, रेडीमिक्सचे मिक्सर, शाळेच्या बसगाड्या, गोवेली-मुरबाडच्या एसट्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला भिजायला निघालेली मुंबई. आषाढीला बिर्ला मंदिराकडे जाणारे भाविक. पुलाची दुरुस्ती निघाली की वाहतूक वळवल्याची सूचना निघते, आणि शहाडची कोंडी उल्हासनगरच्या गल्ल्यांत आणि वालधुनीच्या पुलावर जाऊन बसते.

"रिंग रूट होऊ दे, मग सुटेल." हे वाक्य मी रिक्षात ऐकलं आहे, लोकलच्या दारात ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. शहराला वळसा घालणारा रस्ता झाला की बाहेरची गाडी बाहेरून जाईल आणि आपला पूल आपल्याला मोकळा मिळेल, असा हिशेब. हिशेब सरळ आहे. त्यात एकच गोष्ट धरलेली नसते. आज ज्या रस्त्यावर आपण अडकतो, तोही कधीकाळी शहराबाहेरचाच रस्ता होता.

कल्याणहून मुरबाडमार्गे घाटाकडे जाणारी वाट दोन हजार वर्षांची तरी आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण हे नावाजलेलं बंदर होतं. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत आणि पेरिप्लस या ग्रीक व्यापारी ग्रंथात हे बंदर कॅलिएना या नावाने येतं. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून मुरबाड, वैशाखरे करत नाणेघाट चढायचा आणि जुन्नरला पोचायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण अजून जागेवर आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. म्हणजे माल, घाई आणि वाटेतला खोळंबा यांतलं या रस्त्याला काहीच नवं नाही. शहाड, म्हारळ, कांबा ही या वाटेवरची गावं. कल्याण मागे पडलं की लागणारी.

मग रूळ आले. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रेल्वे कल्याणला पोचली. कल्याणहून तिला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याच्या थळ घाटातून नाशिककडे, दुसरा कर्जतच्या बोर घाटातून पुण्याकडे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या बाहेरच्या माळावर लष्कराची छावणी बसली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आणलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. आजही तिथला माणूस पत्ता सांगतो तो कॅम्पच्या नंबराने. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोहोन्याला एनआरसी, मग शहाडला सेंचुरी रेयॉन असे कृत्रिम रेशमाचे मोठे कारखाने उभे राहिले. कामगार आले, चाळी आल्या, चाळींमागून बाजार आले. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती आणि शेजारच्या उल्हासनगरची पाच लाखांच्या वर. या सगळ्या काळात मुरबाडचा रस्ता जागचा हलला नाही. शहर त्याच्यापाशी चालत आलं.

कल्याणची खरी अडचण रस्त्यांच्या लांबीत नाही, ओलांडायच्या जागांमध्ये आहे. शहर रुळांनी चिरलेलं आहे, आणि उरलेल्या बाजूंना उल्हास नदी, तिची खाडी आणि वालधुनी. कुठूनही कुठे जायचं म्हटलं तरी रूळ किंवा पाणी ओलांडावं लागतं, आणि ओलांडायला पूल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वरचं तोंड कितीही रुंद केलं तरी नरसाळ्यातून धार पडते ती खालच्या नळीएवढीच. आपल्याकडे रस्ते काँक्रीटचे झाले, रुंद झाले, दुभाजकांत झाडं लागली. नळी तेवढीच राहिली.

हे सर्वांत स्पष्ट दिसलं ते २०१८ साली. त्या मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद केला. न्हावा-शेव्याच्या बंदरातून भिवंडीकडे, गुजरातकडे जाणारे कंटेनर एरवी शिळफाट्यावरून या बायपासने खारेगावला निघतात. ते आता जमेल त्या रस्त्यांनी वाट काढू लागले, त्यात कल्याणही आलं. ३ जुलैला अंधेरीत गोखले पुलाचा भाग कोसळला आणि रेल्वेवरच्या जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या. १९१४ सालचा कल्याणचा पत्रीपूल धोकादायक ठरला. १८ नोव्हेंबर २०१८ ला मेगाब्लॉक घेऊन क्रेनने तो उचलून काढला. त्या दिवशी पुलाला निरोप द्यायला लोक मोबाइल घेऊन गच्च्यांवर उभे होते. निरोप लवकर झाला, नवा पूल यायला २५ जानेवारी २०२१ उजाडलं. मधली दोन वर्षं पत्रीपूल म्हणजे व्यंगचित्रांचा आणि विनोदांचा विषय होता, आणि शिळच्या बाजूने कल्याणात येणाऱ्या माणसासाठी रोजची शिक्षा. एकशे चार वर्षं एका पुलाने काय धरून ठेवलं होतं, ते तो नसताना मोजता आलं.

त्यानंतर पुलांची कामं हलली, हेही नोंदवायला हवं. २०२१ मध्येच दुर्गाडीचा नवा पूल वाहतुकीला खुला होऊ लागला. डोंबिवलीचा कोपर पूल नव्याने बांधून सुरू झाला. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल उघडला आणि डोंबिवलीच्या माणसाला शिळफाटा किंवा कल्याण न गाठता थेट खाडीपलीकडे, ठाण्याच्या दिशेने जाता येऊ लागलं. या एका पुलाने माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतल्या सकाळी बदलल्या. तो नवा रस्ता नव्हता, नवी ओलांडायची जागा होती. म्हणून फरक इतका लगेच जाणवला. आणि तितक्याच लगेच माणकोलीच्या टोकाला, जिथे पुलाची वाहतूक जुन्या रस्त्यांना मिळते, तिथे रांगा दिसू लागल्या.

आता रिंग रूट. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे एमएमआरडीएचा, हा वळणरस्ता हेदुटण्यापासून शिळ रस्ता, मोठागाव, दुर्गाडी, गांधारे करत टिटवाळ्यापर्यंत जातो. लांबी सुमारे तीस किलोमीटर, काम टप्प्याटप्प्याने. दुर्गाडीच्या वरच्या अंगाचे टप्पे आधी झाले. डोंबिवलीच्या बाजूला जमीन, घरं आणि खाडीची खारफुटी यांत घोडं अडलं. त्यामुळे अनेक वर्षं या रस्त्याची अवस्था अशी, की मधला तुकडा गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना पुन्हा जुनी गर्दी. वळसा पूर्ण झाल्याशिवाय तो वळसा नसतो. अर्धा वळणरस्ता शहराबाहेरची गाडी बाहेर नेत नाही, शहरातल्या दुसऱ्या चौकात आणून सोडतो.

तो पूर्ण होईल. प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि त्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो. लंडनभोवती एम-२५ नावाचा वळणमार्ग आहे, १८८ किलोमीटरचा. शहराभोवती अशा वर्तुळाकार रस्त्यांची कल्पना तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. नगररचनाकार ॲबरक्रॉम्बीच्या १९४४ च्या आराखड्यात एकात एक अशी वर्तुळंच सुचवली होती. साठच्या दशकात आखलेल्या आतल्या वर्तुळांना लंडनकरांनी कडाडून विरोध केला, कारण त्यांत राहती घरं जाणार होती. उरलं ते बाहेरचं, तेही दोन वेगवेगळ्या वर्तुळांचे तुकडे जोडून केलेलं. २९ ऑक्टोबर १९८६ ला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी शेवटचा तुकडा खुला केला आणि टीकाकारांना चार शब्द सुनावले. थोड्याच वर्षांत हा रस्ता आखणीच्या वेळच्या अंदाजांपलीकडे भरला. तीन पदरांचे चार झाले, विमानतळाजवळ दोन्ही दिशांचे मिळून बारा झाले. तिथले लोक त्याला देशातला सर्वांत मोठा वाहनतळ म्हणून हिणवतात.

यातून सरकारी पातळीवर एक गोष्ट मान्य झाली. १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच सल्लागार समितीने अहवाल दिला, की मोठे नवे रस्ते असलेली वाहतूक नुसती वाटून घेत नाहीत, नवी वाहतूक जन्माला घालतात. २०११ मध्ये डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की शहरातल्या महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते. यात गूढ काही नाही. रस्ता मोकळा झाला की जो सकाळी लोकलने जायचा तो गाडी काढतो. जो साडेसहाला निघायचा तो आठला निघतो. जो जवळ घर शोधत होता तो लांब, स्वस्तात घर घेतो. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा असतो. सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र कोंडी होते.

लंडनच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याला अडचणीत टाकणारी आहे. एम-२५ चा बराचसा भाग हरितपट्ट्यातून जातो, जिथे बांधकामावर कडक बंधनं आहेत. दुतर्फा दुकानं नाहीत, टपऱ्या नाहीत. तरी तो भरला. कारण त्याला तीसेक ठिकाणी चढता-उतरता येतं, आणि लांबच्या प्रवाशांसाठी केलेला रस्ता आसपासच्या गावांनी चार-दोन फाट्यांच्या रोजच्या ये-जासाठी वापरायला घेतला. काठ सांभाळूनही त्यांची ही गत. मग काठ मोकळा सोडला तर काय होतं, हे पाहायला लंडनला जायची गरज नाही. ठाण्यापर्यंत गेलं तरी पुरे.

घोडबंदर रस्ता हा ठाण्याला वळसा देऊन आग्रा रस्त्याची वाहतूक अहमदाबाद रस्त्याला नेणारा बाहेरचा रस्ता. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये तुरळक गावं. आता तिथे मनोरे आहेत, मॉल आहेत, शाळा आहेत, मेट्रोचे खांब आहेत. जंगलाच्या आणि खाडीच्या मध्ये सापडलेल्या एवढ्या मोठ्या वस्तीला जायला-यायला तोच एक रस्ता, आणि बंदरातून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरलाही तोच. स्थानिक गाड्यांसाठी केलेले सेवा रस्तेही अखेर मुख्य रस्त्यात सामावून घ्यायची वेळ आली. शिळ रस्त्याचं तेच. ज्या माळावर रात्री गाडी बंद पडली तर लोक घाबरायचे, तिथे आज अख्खी नगरं वसली आहेत. भिवंडी बायपासच्या दुतर्फा गोदामं उभी राहिली; मुंबईची जकात होती तोवर जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून, २०१७ मध्ये ती गेल्यावर महामार्गाच्या सोयीसाठी. म्हणजे तीन बायपास, आणि तिन्ही आज कोंडीच्या बातम्यांत.

या बदलाला एक ठरलेला क्रम असतो. दुर्गाडी-गांधाऱ्याच्या नव्या रस्त्यावर पहाटे लोक चालायला येतात. मोकळा रस्ता, नदीचा वारा, दुसरं शहरात मिळतं कुठे. या चालणाऱ्यांसाठी कुणीतरी थर्मासमधून चहा विकू लागतो. तो थर्मास म्हणजे पहिली पायरी. मग पंक्चरवाला येतो, कारण त्याला लागतो फक्त एक कॉम्प्रेसर आणि ओळखीला टांगलेला टायर. मग शेतात बोर्ड लागतो, 'एन.ए. प्लॉट, रोड टच'. मग लग्नाचा लॉन्स, ढाबा, कार वॉश. लॉन्सवाल्याला वरातीच्या गाड्या आत घ्यायच्या म्हणून दुभाजक फोडला जातो. फोडलेल्या दुभाजकाशी अपघात होतो, म्हणून गावकरी गतिरोधक मागतात. तो रास्तच असतो. गतिरोधकामागून सिग्नल, सिग्नलमागून रांग, आणि रांग वाढली की उड्डाणपुलाची मागणी. तोवर शेतात मनोरा उभा राहिलेला असतो आणि त्याच्या जाहिरातीत पहिलं वाक्य असतं, 'रिंग रोडला लागून'. यात कुठेही कुणी खलनायक नाही. एकेक पायरी कुणाची तरी सोय असते.

यात शेतकऱ्याची बाजू बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्याचा उरलेला तुकडा रस्त्याला लागून आहे. त्याला मोबदला मिळायला वर्षं गेली. सरकारी रस्ते, पाइपलाइनी, मनोऱ्यांच्या तारा आणि रूळ यांसाठी आमच्या भागातल्या भूमिपुत्रांनी पिढ्यानपिढ्या जमिनी दिल्या आहेत. आता रस्त्याने किंमत आणली, तर तुम्ही म्हणता काठावर काही करू नका? त्याचा राग खोटा नाही. काठ मोकळा ठेवायचा असेल तर त्या मोकळेपणाची किंमत त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. मोबदला, हस्तांतरणीय विकास हक्क, आतल्या बाजूने जाणारा समांतर सेवा रस्ता, ठरावीक अंतरावरच मुख्य रस्त्याला जोड. हे सगळं रस्त्याच्या अंदाजपत्रकात डांबराइतकंच धरायला हवं. नंतर गतिरोधक आणि उड्डाणपूल यांवर त्याहून जास्त जातंच.

आणि हे होऊ शकतं, याचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला कुंपण आहे आणि चढ-उताराच्या जागा मोजक्या आहेत. जुना पुणे रस्ता त्याच्या शेजारूनच जातो. खोपोली, लोणावळा, तळेगाव इथे जुन्या रस्त्याचा बाजार झाला. शेजारचा द्रुतगती मार्ग आजही रस्ताच आहे. घाटात तो तुंबतो, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर हमखास. पण त्याच्यावर कुणी दुकानाचं शटर काढलेलं नाही. दोन रस्ते, मध्ये थोडंसं अंतर, आणि फरक एका नियमाचा. महामार्गांच्या कडेला इमारतरेषा आणि नियंत्रणरेषा आखायची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. अडतं ते अंमलबजावणीत, आणि वळणरस्ता महापालिकेच्या हद्दीतून जातो म्हणून त्याला शहरातला रस्ता समजलं जातं तिथे.

शहाडच्या पुलावरच्या सगळ्याच गाड्या बाहेरच्या नसतात, ही दुसरी गोष्ट. मेथीचा पिकअप, नांदेडचा ट्रक, माळशेजचे पर्यटक हे वळणरस्त्यावर जातील. म्हारळची शिक्षिका, कॅम्प एकचा दुकानदार, स्टेशनची रिक्षा हे पुलावरच राहतील. त्यांचा इलाज वेगळा. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे अजून दोनच मार्गिका आहेत. तिसरीचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. त्याच दोन रुळांवरून लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या जातात, म्हणून आंबिवली-टिटवाळ्याच्या माणसाला लोकल चुकली तर पुढचीची वाट बघण्यापेक्षा दुचाकी बरी वाटते. कल्याण-मुरबाड रेल्वे मागून मागून कागदावर मंजूर झाली. महापालिकेच्या बसची वाट बघण्याचा नाद मुरबाड रस्त्यावरच्या बहुतेकांनी सोडला आहे. या तीन गोष्टी झाल्या नाहीत तर वळणरस्त्यामुळे पुलावर मोकळी झालेली जागा नव्या दुचाक्या भरून काढतील. थोडा वेळ लागेल, एवढंच.

वळणरस्त्याच्या विरोधात मी नाही. २०१८ चा तो उन्हाळा आणि पावसाळा ज्याने मुरबाड रस्त्यावर काढला, तो विरोधात असूच शकत नाही. कंटेनर शहरातून जाता कामा नये. शाळेच्या बसशेजारी त्याचं चाक असता कामा नये. शिवाय जुलै २०१९ च्या पुरात कांब्याजवळ पेट्रोल पंपाच्या छतावर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, आणि २०२१ च्या जुलैत रायत्याच्या पुलाजवळचा रस्ता वाहून गेल्याने मुरबाडची वाट बंद झाली. एकच वाट असलेल्या भागाला दुसरी वाट ही चैन नसते. पण रस्ता बांधून मिळते ती काही वर्षांची उसंत. त्या वर्षांत काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर ती उसंत प्लॉटवाल्यांच्या जाहिरातीत खर्ची पडते.

हे ठरवायची घाई आता जास्त आहे, कारण कल्याणच्या भोवती याहून मोठी वर्तुळं येत आहेत. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून सुटलेली गाडी ७०१ किलोमीटर धावून भिवंडीजवळ आमण्याला उतरू लागली. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्गाची न्हावा-शेव्याकडे जाणारी शाखा कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतून जाते. विरार-अलिबाग मार्गिका, सुमारे १२६ किलोमीटरची, साऱ्या मुंबई महानगराला वळसा घालणार आहे. मुंबईचा खरा वळणमार्ग तोच. हे सगळे रस्ते गाड्यांना वेगाने आणून आपल्या तालुक्यात सोडतील. त्यांच्या फाट्यांभोवती जमिनीचे व्यवहार कधीच सुरू झाले आहेत. एकेका फाट्याशी घोडबंदरची गोष्ट नव्याने घडू शकते, किंवा द्रुतगती मार्गाची. दोन्हींसाठी लागणारं डांबर सारखंच.

म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला माझी एक विनंती आहे. रिंग रूटचा राहिलेला तुकडा कधी होणार, हे आपण सगळेच विचारतो; नगरसेवकापासून खासदारापर्यंत प्रत्येकाकडे त्याचं उत्तर तयार असतं. यापुढे प्रश्न बदला. या रस्त्याला दुभाजक कुठे कुठे तुटणार, सेवा रस्ता कुणाच्या जमिनीतून जाणार आणि त्याचे पैसे कुणी ठेवले आहेत, काठावरच्या बांधकामाला परवानगी देताना गाड्यांचा हिशेब कोण करणार, आणि शहाडचा पूल चौपदरी होईपर्यंत त्यावरून बस किती मिनिटांनी जाणार, हे विचारा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हे लेखी द्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने तो हक्क दिलेला आहे आणि तो वापरणारे फार थोडे असतात. काठावरचे मनोरे एकदा उभे राहिले की ते पाडून रस्ता मोकळा केल्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात माझ्या ऐकिवात नाही.